बिघाड कुठल्याही क्षणी झालेला नाही

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने असहकार पुकारल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत. उरलेली दोन तू मनाने टेकवून घे.) तुझी तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात तुझा आवाज बसल्याचं लिहिलं होतंस. आता उठला असेलच, कारण उभी हयात शाळेच्या मैदानावर पोरांवर ओरडण्यात घालवलेल्या आवाजाला फार काळ बसून राहणं जमणार नाही. तुझ्या वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ अजून सकाळी सकाळी फर्निचर सरकवतात का? माझं ऐक, एकदा वर जाऊन बघून ये. रोज सरकवून ते शेवटी ठेवतात तरी कुठे, हे मलाही कळायला हवं आहे.

तुझ्या पत्रात सगळ्यांची चौकशी असते. माझी, हिची, आमच्या गळक्या नळाची. बाबांची नसते. तुम्हा दोघा बहीण-भावांचं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे, आणि अशा भांडणात तिसऱ्याने पडलं की त्याला दोन्हीकडून मार बसतो हेही मी लहानपणी शिकलो आहे. तरीपण तू विचारलं नाहीस म्हणून मी कळवलं नाही, असं नको. बाबा ठीक आहेत. विशेष बदल नाही.

आता मुख्य विषय. मी नोकरीत नेमकं काय करतो, असं तू विचारलं होतंस. मागे एकदा मी 'पडद्याकडे बघतो' असं लिहिलं, तर 'त्याचे पैसे तुला मिळतात की तू भरतोस?' असं तुझं उत्तर आलं. तेव्हा या वेळी सविस्तर लिहितो. आमचं शीतगृह म्हणजे एक भलंमोठं गोदाम आहे. जाड जाड दारांच्या खोल्या. एकीत मटार, एकीत मासे, एकीत आइस्क्रीम. प्रत्येक खोलीच्या छताला एक तापमापक टांगलेला आहे आणि आत किती गार आहे ते तो सेकंदासेकंदाला तारेतून माझ्या टेबलावरच्या पडद्याला कळवत असतो. आकडा बदलला की ओळखायचं, एवढंच माझं काम. यात काय मोठं, शेंबडं पोरही ओळखेल, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि मोठ्या साहेबांना तर अजूनही वाटतं. (आमच्याकडे धाकटे साहेब कोणी नाहीत. पण नुसतं 'साहेब' म्हटलं की त्यांना काहीतरी कमी दिल्यासारखं वाटतं.)

मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हुकूम काढला, की कुठल्याही खोलीतला आकडा बदलला की घंटा वाजली पाहिजे. मी तशी व्यवस्था केली. आत्या, आकडा ही वस्तू एका जागी बसत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. कोणी दार उघडलं की बदलतो, बंद केलं की बदलतो, आणि कोणी काही केलं नाही तरी आपल्या मनाने केसभर वर जातो आणि केसभर खाली येतो. घंटा सकाळी सुरू झाली ती थांबेचना. पहिल्या दिवशी सगळे धावत आले. दुसऱ्या दिवशी चालत आले. त्यानंतर कोणी मान वर करीना. रोज मरे त्याला कोण रडे! यंत्रं सांभाळणारा आमचा मिस्त्री (त्याला आम्ही गारठ्या म्हणतो, कारण तो कानटोपी, मफलर, स्वेटर आणि हातमोजे घालूनच जन्माला आला असावा असं आम्हाला वाटतं) घंटेच्या तालावर नटबोल्टांवर पाना फिरवू लागला. शेवटी एकदा घंटेची तार तुटली आणि सगळीकडे शांतता पसरली, तेव्हा मात्र मोठ्या साहेबांसकट सगळे काहीतरी भयंकर झालं असं समजून माझ्या खोलीकडे पळत सुटले.

हे मी घरी बाबांना सांगितलं. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार त्यांना मिळाला. निवृत्त झाल्यापासून ते काम ते फुकट करतात, हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशी जेवण गार होईपर्यंत ते बोलत होते. घंटेची चूक काय, ती लावणाऱ्याची काय, लावायला सांगणाऱ्याची काय, आणि अशा माणसाच्या हाताखाली राहणाऱ्याची किती मोठी, हे त्यांनी क्रमाने समजावून दिलं. मग माझ्या पगाराच्या कागदावरच्या तीन चुका लाल पेन्सिलीने दाखवल्या. शेवटी म्हणाले, "ही घंटा अगदी तुझ्या आत्यासारखी आहे. कारण लागत नाही, वाजते." (हे खरं तर लिहायला नको होतं. पण ते तुझी आठवण काढतात, एवढाच त्यातला अर्थ घे.)

पुढे घंटेचा जाच इतका वाढला की भीक नको पण कुत्रा आवर असं म्हणत मोठे साहेबच माझ्याकडे आले. मग मी विचार केला आणि एक नियम बसवला. नियम असा: आताचा आकडा आणि त्याच्या लगेच आधीचा आकडा, या दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला तरच घंटेने वाजायचं; नाहीतर गप्प बसायचं. काय सांगू तुला! घंटा गप्प झाली. कोणी दार उघडं टाकून गेला तरच वाजे, आणि वाजली की लोक खरंच उठून बघत. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. बक्षीस म्हणून मला फिरती खुर्ची मिळाली. मी दोन-तीन दिवस बराच फिरलो.

ही बातमी घेऊन मी बाबांकडे गेलो, आणि आता तासभर तरी जातो अशा तयारीने बसलो. ते एवढंच म्हणाले, "फिरती कशाला? तुला तर एकाच दिशेला बघायचंय ना?" आणि वर्तमानपत्र उघडून बसले. एवढ्यावर सुटका झाली म्हणून मी खूश झालो. हीसुद्धा स्वयंपाकघरातून म्हणाली, की बाबा हल्ली बरे वागतात.

यानंतर जे झालं त्याला आमच्याकडे 'आइस्क्रीमचा आठवडा' म्हणतात. आइस्क्रीमच्या खोलीत उणे अठरा अंश लागतात. तिथलं गारवा करणारं यंत्र आतून कुठेतरी खराब झालं होतं. एकदम बंद पडलं असतं तर घंटा वाजली असती, पण ते पडलं सभ्य. रोज थोडं थोडं, कोणाला त्रास न देता, ते हात सैल सोडत गेलं. आकडा वर सरकत होता, पण इतका हळू, की आताचा आणि लगेच आधीचा यांत फरक म्हणून दिसत नव्हता. घंटा नियमाने वागली. मी डोळ्यात तेल घालून पडद्याकडे बघत होतो. सकाळी येऊन बघावं तर काल संध्याकाळी सोडून गेलो जवळपास तोच आकडा, असला तर अंशभराचा फरक. संध्याकाळी बघावं तर सकाळचाच. संशय घ्यायला जागा नव्हती, आत्या, मी शपथेवर सांगतो.

खुणा नव्हत्या असं नाही. गारठ्या रोज त्या खोलीत फेरी मारतो. सोमवारी त्याने हातमोजे काढले. मग कानटोपी गेली. मग मफलर. प्रकृती सुधारली म्हणून आम्ही त्याचं अभिनंदन केलं. तोही म्हणाला, की हल्ली लवकर उठून चालायला जातो त्याचा गुण दिसतोय. त्याने स्वेटर काढला त्या दिवशी तर मोठ्या साहेबांनी त्याचं उदाहरण सगळ्यांना दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन कारकून चालायला जाऊ लागले.

असं चाललं असताना मालक आले. मालक वर्षातून एकदोनदा येतात, जाड कोट घालून खोल्यांतून हिंडतात आणि काही न बोलता जातात. त्या दिवशी आइस्क्रीमच्या खोलीत शिरले आणि थांबले. इकडेतिकडे बघितलं. कोट काढला आणि मोठ्या साहेबांच्या हातावर टाकला. म्हणाले, "इथे बरं वाटतंय." मोठे साहेब म्हणाले, "आपली कृपा." मग मालकांनी सहज म्हणून खोक्यांच्या एका थप्पीला हात टेकला, आणि तो कोपरापर्यंत आत गेला. व्हॅनिला होतं. थप्पी सावकाश मालकांच्या अंगावर टेकली, आणि मागच्या थप्प्या तिच्या आधाराला आल्या.

पुढचं वर्णन करत नाही. मोठ्या साहेबांचा बूट फरशीला चिकटला तो तिथेच सोडून ते एका बुटावर कार्यालयात आले, आणि माझी चौकशी सुरू झाली. बिघाड नेमका कुठल्या क्षणी झाला, ते लेखी द्या, असं त्यांचं म्हणणं. मी सगळे आकडे काढले. एकेक क्षण त्याच्या आधीच्या क्षणाशी ताडून बघितला. प्रत्येक क्षण निर्दोष निघाला. मी प्रामाणिकपणे लिहून दिलं, 'बिघाड कुठल्याही क्षणी झालेला नाही.' ते वाचून मोठ्या साहेबांनी आपल्या बिनबुटाच्या चिकट पायाकडे बोट केलं आणि विचारलं, "मग हे काय आहे?" मी म्हटलं, "हा परिणाम आहे, साहेब. याला क्षण नाही." तेव्हापासून फिरती खुर्ची त्यांच्या खोलीत आहे. माझी नोकरी राहिली, कारण आता त्या पडद्यात काय आहे ते माझ्याशिवाय कोणालाच कळत नाही. फरशी मात्र मी आणि गारठ्याने मिळून पुसली. (गारठ्या उदास होता. यंत्र दुरुस्त झाल्यावर त्याला सगळे कपडे परत चढवावे लागले, आणि चालायला जाण्यावरचा त्याचा विश्वास उडाला.)

घरी येऊन ही सगळी हकिगत मी बाबांना सांगितली. मालकांचा हात, बूट, माझा लेखी जबाब, काही लपवलं नाही. खरं तर मी स्वतःला त्यांच्या तोंडी देत होतो. ते ऐकत होते. मग म्हणाले, "असं होतं कधीकधी." आणि हात धुवायला उठले. मी सुटकेचा निःश्वास सोडला. ही म्हणाली, "बाबा किती निवळलेत!" त्या दिवशी आम्ही दोघं फार सुखाने जेवलो.

यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या बाई मग येऊन गेल्या. त्यांनी माझा नियम वाचला आणि हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "नियम बरोबर आहे, अर्धा आहे. रोज कालच्याशी ताडलंत तर रोज बरोबरच दिसणार. एक जुना, खात्रीचा आकडा खुंटीला बांधून ठेवा आणि दर वेळी त्याच्याशीही ताडा." मी तसं केलं, आता सगळं नीट चालतं. मोठ्या साहेबांनी मात्र बाईंचा शब्द उचलला आणि सुताराला बोलावून माझ्या भिंतीवर खरीच एक खुंटी ठोकून घेतली. तिला 'उणे अठरा' असं लिहिलेला पुठ्ठा टांगला. त्या खुंटीवर आता गारठ्या कानटोपी अडकवतो.

तर असं आमचं काम. बाकी इकडे सगळं सुरळीत आहे, काळजीचं कारण नाही. तुझ्या घरच्या मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. घरात तू एकटीच असल्यामुळे दोन्ही तूच वाटून घे.

तुझा आज्ञाधारक (शक्य तेवढा) भाचा

ता. क. काळजीचं कारण आहे. परवा सकाळी हिने चुकून चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. बाबांनी कप संपवला, खाली ठेवला आणि म्हणाले, "छान झालाय." ज्या माणसाने औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरातली चूक काढून कंपनीला तीन पत्रं पाठवली, तो माणूस मिठाचा चहा छान म्हणून पितो! मग मी उठून त्यांच्या टेबलाकडे गेलो. वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. त्यावर कुठेही लाल रेघ नव्हती. पेन्सिलीचं टोक धूळ धरून बसलं होतं. हे कधीपासून, ते मी आठवून बघितलं. आठवत नाही, आत्या. कार्यालयात केला तोच तपास मी घरी केला आणि तेच उत्तर आलं. रोज ते कालच्यासारखेच होते. आम्हाला वाटत होतं स्वभाव निवळतोय, आणि आम्ही त्याचा आनंद मानत होतो. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मागच्या महिन्याच्या कागदाशी आजचा कागद लावून बघितला आणि 'वयाच्या मानाने उत्तम' म्हणून पाठवून दिलं. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांच्या पाटीवरच्या चुकीबद्दलसुद्धा नाही. मला भीती वाटते. आम्ही त्यांना रोज बघतो, म्हणून आमचं बघणं कामाचं नाही. तू दोन वर्षांत त्यांना पाहिलेलं नाहीस. जुने बाबा जसेच्या तसे आता फक्त तुझ्याकडे आहेत. येऊन एकदा बघ आणि किती अंतर पडलंय ते सांग. हे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मधलं सगळं हात धजेना म्हणून लिहीत गेलो.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, ज्याने घरातून जायला लावलं त्याच्याकडे मी कशाला येऊ. तुमच्या लहानपणच्या घराचं दार हिरवं होतं की निळं, यावरून तुम्ही दोघं संध्याकाळभर भांडलात आणि तू चहा न घेता पिशवी उचललीस, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझं निळं, त्यांचं हिरवं. तू गेल्यावरही ते आठवडाभर भिंतीला 'हिरवं' म्हणून सांगत होते. काल मुद्दाम त्यांच्या जवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "बाबा, आत्या म्हणते तेच खरं वाटतं मला. दार निळंच असणार." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "असेल." मी आणखी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "असेल रे. तिच्या लक्षात असेल." तू जिंकलीस, आत्या. मला रात्री जेवण गेलं नाही.

ता. क. तिसरा. वरचं वाचून तुझं मन द्रवेल, ही मला आता खरी भीती आहे. तू येशील, त्यांचा हात हातात घेशील आणि 'दादा, हिरवंच होतं रे' म्हणशील. तसं अजिबात करू नकोस. समेट करायला माणसं घरात आम्ही दोघं आहोत, आणि आम्ही इतके दिवस तेवढंच केलं. तू चिडून ये. दारातच पिशवी आपट आणि निळं म्हण. आवाज बसला तरी चालेल. ते हिरवं म्हणेपर्यंत म्हणत राहा.